चारशे सतरा नंबरचा जबडा

मी एक जुना जबडा आहे. दचकू नका मित्रांनो, खरा नव्हे, पांढऱ्या प्लास्टरचा. आणि दचकायचे काम तसेही माझ्याकडेच आहे. मी जन्मापासून घाबरट. टेबलाच्या कडेला ठेवले की घाबरतो, ओल्या हातांनी उचलले की घाबरतो, शेजारी कोणी चहाचा कप टेकवला तर मला घाम फुटायचाच बाकी राहतो.

माझे दोन तुकडे आहेत, वरचा आणि खालचा. एकावर एक ठेवले की तोंड मिटते, वेगळे केले की उघडते. पाठीवर पेन्सिलीने ४१७ हा आकडा आणि एक तारीख लिहिली आहे. वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात असे नमुने शेकड्यांनी होते. उपचार सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या दातांचा एक नमुना करून ठेवायचा, म्हणजे काय होते आणि काय करायचे ते हातात घेऊन बघता येते. मी त्यांतलाच एक.

ज्या तोंडावरून मला घडवले, ते तोंडही घाबरलेले होते. ते बारा वर्षांच्या एका मुलीचे होते. तिला घरीदारी सगळे गुंडी म्हणत. दोन वर्षांची असताना तिने वडिलांच्या शर्टाची गुंडी गिळली होती आणि दोन दिवस घरातल्या कोणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. गुंडी सुखरूप बाहेर आली, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

गुंडीचा वरचा डावा सुळा रांगेत आला नव्हता. तो हिरडीवर उंच, एकटाच उगवला होता. वर्गात कोणीतरी त्यावरून तिला 'वरचा मजला' म्हटले आणि तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवून हसू लागली. पुढे हसणेही कमी झाले. शाळेच्या फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी आहे. बाबांनी फोटो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात आणले.

तिचे बाबा घड्याळे दुरुस्त करत. भिंग डोळ्याला लावून केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस, पण दातांच्या दवाखान्यात पाऊल ठेवले की त्यांचा चेहरा पांढरा पडे. लहानपणी त्यांचा एक दात काढताना ते ओरडले होते आणि तिथल्या तिथे त्यांना मोठ्यांकडून एक सणसणीत थप्पड बसली होती. तेव्हापासून ते एकच गोष्ट शिकले होते आणि तीच त्यांनी लेकीला शिकवली.

"खुर्चीत तोंड उघडायचं ते दातांसाठी, बोलायला नाही," ते म्हणाले.

मदतनीस ताईंनी रबरी वाटीत गुलाबी पूड आणि पाणी घोटले, ते एका वळणदार पत्र्यात भरले आणि गुंडीच्या वरच्या दातांवर दाबले. गार, जड लगदा टाळूला चिकटला. गुंडीला उमासा आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, तिने खुर्चीचे हात पकडले.

"नाकाने श्वास घे आणि पायाची बोटं हलव बघू," ताई म्हणाल्या. "दहाही हलव. मी मोजतेय."

गुंडी बोटे हलवत राहिली आणि तेवढ्यात लगदा घट्ट झाला. असे वर एकदा, खाली एकदा. त्या दोन ठशांमध्ये ताईंनी पातळ प्लास्टर ओतले. मित्रांनो, प्लास्टर घट्ट होताना गरम होते, तेव्हा मी अंगात ताप घेऊनच जन्मलो म्हणा. भीती कदाचित तिथूनच माझ्यात उतरली असावी. ठशात तिच्या दातांचे सगळे उमटले होते, अगदी दाढेवरची बारीक चीरसुद्धा, मग भीतीने काय पाप केले होते?

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी मला हातात घेतले आणि बापलेकीला समजावून सांगितले. गुंडीची डाव्या बाजूची दुधाची दाढ किडली होती आणि वेळेआधी काढावी लागली होती. मोकळी जागा दिसल्यावर मागची दाढ पुढे सरकली. सुळा यायची वेळ झाली तेव्हा त्याची जागा आधीच बळकावली गेली होती.

"बाकावर पाच जणांची जागा आणि बसायला सहा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकाला उठवल्याशिवाय सुळा खाली बसणार नाही. त्याच्या मागची ही लहान दाढ काढायची. मग तारा लावून सुळा हळूहळू तिथे आणायचा. उजव्या बाजूला सगळं जागच्या जागी आहे, तिकडे काही काढायचं नाही."

"चांगला दात काढायचा?" गुंडीने विचारले.

"गुंडी," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"विचारू द्या. तिचाच दात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बाळ. हळू, सारखं ढकलत राहिलं की पुढचं हाड थोडं विरतं आणि मागे नवं भरतं. दात सरकतो. पण सरकायला जागा लागते. आणि घाई केली तर मुळांना इजा होते, म्हणून दीड-दोन वर्षं."

त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि माझ्या वरच्या डाव्या लहान दाढेवर एक फुली मारली. मग मला गुंडीच्या हातात दिले. तिने फुलीवर बोट ठेवले आणि त्याच वेळी तोंड मिटून जीभ आतून आपल्या दातांवरून फिरवली. ती दाढ किंचित वळलेली होती, वर्गात मागे वळून गप्पा मारणाऱ्या मुलीसारखी. उजवीकडची तिची जोडीदार अगदी सरळ होती. गुंडीच्या जिभेला दोघींतला फरक लगेच समजला. तिने मान डोलावली आणि मला टेबलावर ठेवून ती बाबांच्या मागे बाहेर गेली.

दात काढायचे काम डॉक्टरबाई स्वतः करत नसत. त्यासाठी दुसऱ्या रस्त्यावरच्या एका डॉक्टरांकडे पाठवत, चिठ्ठी आणि नमुन्याचा डबा देऊन. चिठ्ठी लिहायचे काम ताईंचे.

ताईंची त्यासाठी एक पद्धत होती. दातांच्या कामात एक मोठी खोड आहे मित्रांनो, समोर बसलेल्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. म्हणून ताई नमुन्याची पाठ स्वतःकडे करून ठेवत. मग त्याची डावी ती त्यांचीही डावी. त्यानंतर स्वतःच्या गालाला हात लावत, तोंडाने "डावी" असे पुटपुटत आणि मगच लिहीत. सोळा वर्षांत त्यांची एकही चिठ्ठी चुकली नव्हती.

त्या दिवशी फोन वाजला. कोणाची तरी तार तुटून गालाला टोचत होती आणि त्या बाई फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. ताईंनी फोन गाल आणि खांद्याच्या बेचक्यात धरला आणि त्यांना धीर देता देता चिठ्ठी लिहायला घेतली. गुंडीने मला ठेवले होते तसाच मी होतो, ताईंकडे तोंड करून. निळी फुली त्यांच्या उजव्या हाताला होती. गालाला लावायला हात रिकामा नव्हता आणि गालही रिकामा नव्हता. त्यांनी लिहिले, 'वरची उजवी लहान दाढ काढावी.'

डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. आत एक पेशंट तोंड उघडून बसला होता. त्यांनी नाव पाहिले, तारीख पाहिली, सही केली आणि आत गेल्या. चिठ्ठी पाकिटात गेली, पाकीट डब्यात गेले आणि मी त्या पाकिटाखाली.

माझी दातखीळ बसली. तशी ती एरवीही बसलेलीच असते म्हणा, पण त्या दिवशी मला तिचा अर्थ कळला. फुली माझ्या अंगावर होती आणि चूक माझ्या डोक्यावर घडी घालून ठेवली होती. गुंडीचा एक चांगला, पक्का, जागच्या जागी असलेला दात चार दिवसांनी निघणार होता. तो गेला की पुन्हा येणार नव्हता. आणि डावीकडची गर्दी होती तशीच राहणार होती. एवढे सगळे कळणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

बाबांनी डबा घरी नेला. बसमध्ये त्यांनी तो मांडीवर धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला माझे दोन्ही तुकडे एकमेकांवर आपटत होते. एरवी मी फुटायच्या भीतीने अर्धमेला झालो असतो. त्या दिवशी मला स्वतःची आठवणही झाली नाही.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. गुंडी शाळेतून आली की डबा उघडे. पाकीट बाजूला ठेवी, माझा वरचा तुकडा तळहातावर घेई आणि फुलीवर बोट ठेवून आतून जीभ फिरवी. दात जाण्याआधी ती त्याची ओळख करून घेत होती बहुधा. मी मनातल्या मनात तिला विनवत होतो, ते पाकीट उघड, एकदाच उघड, वाच. पण पाकीट चिकटवलेले होते, त्यावर डॉक्टरांचे नाव होते आणि गुंडी शहाण्या घरची मुलगी होती. ती पाकीट जसेच्या तसे माझ्यावर ठेवी.

"खूप दुखेल का?" तिने एकदा बाबांना विचारले.

बाबा एका घड्याळाचे पोट उघडून बसले होते. त्यांनी भिंग काढले नाही.

"नाही दुखत. डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरांचा हात हलवायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. पाच मिनिटांत मोकळी होशील."

"आणि काही चुकलं तर?"

"डॉक्टर आहेत ते, गुंडी. ते रोज हेच करतात."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी चार दिवस चिंतले ते सगळे भयंकर होते आणि त्यातले काहीच मी थांबवू शकत नव्हतो.

तो दिवस उजाडला. दात काढणारे डॉक्टर धिप्पाड होते आणि स्वतःशीच गुणगुणत काम करत. त्यांनी पाकीट फोडले, चिठ्ठी वाचली आणि डबा हत्यारांच्या ट्रेशेजारी ठेवून दिला, झाकण न उघडता. चिठ्ठी इतकी स्पष्ट लिहिलेली असताना डबा कशाला उघडायचा? ताईंचे अक्षर फार सुंदर होते मित्रांनो, आणि त्याची मला आजही चीड येते.

मी अंधारात होतो. मला दिसत काही नव्हते, ऐकू सगळे येत होते. खुर्ची मागे झुकली त्याचा आवाज आला. दिव्याचे बटण वाजले. लाळ ओढणारी नळी सुरू झाली आणि सुरूच राहिली. बाबांचे बूट भिंतीशी अस्वस्थपणे सरकत होते.

"दुखलं किंवा भीती वाटली तर डावा हात वर कर," डॉक्टर म्हणाले. "मी थांबेन. चालेल?"

मग त्यांनी हिरडी बधिर करणारे औषध कापसावर घेऊन तिच्या दाताशी धरले. उजवीकडे.

गुंडीच्या मनात तेव्हा काय चालले होते ते तिने पुढे ताईंना सांगितले, म्हणून मला माहीत आहे. तिला वाटले, आपलेच चुकले असेल. आरशात नाही का उजव्याचे डावे दिसते, तसे काहीतरी असेल. डॉक्टरांची डावी वेगळी असेल. मोठ्यांना ठाऊक असेल. मग तिने जीभ उजवीकडे नेली. तिथे कापूस होता आणि कापसाखालचा दात सरळ होता. डावीकडे नेली. तिथे वळलेली दाढ होती, चार दिवस जिची ओळख करून घेतली तीच. गुंडीने हात वर केला.

"अगं, अजून मी काही केलंच नाही," डॉक्टर हसून म्हणाले.

तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरांचे बोट. गुंडी फक्त घशातून आवाज काढू शकत होती.

"गुंडी, हात खाली," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, लाज होती. "घाबरतेय डॉक्टर, तुम्ही करा."

हात खाली गेला असावा, कारण डॉक्टर पुन्हा गुणगुणू लागले. मित्रांनो, त्या गुणगुणण्याइतका भीतिदायक आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. भला माणूस होता तो, हात हलका होता, सवयीचे काम शांतपणे करत होता. आणि चुकीचा दात काढायला निघाला होता. दुष्ट माणूस असता तर कोणी तरी सावध तरी झाले असते.

सुईचे टोपण निघाल्याचा बारीक आवाज आला, टक्.

गुंडीने पुन्हा हात वर केला. या वेळी तिने तो खाली घेतला नाही. बाबांचे बूट लगबगीने पुढे आले. त्यांनी तिचे मनगट धरले होते, नंतर तेच म्हणाले तसे. ते तिचा हात खाली दाबत होते आणि ती खाली जाऊ देत नव्हती.

"हात सोडा तिचा," डॉक्टर म्हणाले. गुणगुणणे थांबले होते. "मी थांबेन म्हणालो होतो. मग थांबायला नको का?"

त्यांनी कापूस काढला. गुंडीची जीभ अर्धी बधिर झाली होती, शब्द जड येत होते.

"हा नाही. दुसऱ्या बाजूचा."

"चिठ्ठीत उजवा आहे, बाळ. वाचून दाखवू?"

"चिठ्ठी चुकली असेल."

"डॉक्टर, माफ करा," बाबा म्हणाले, "फार घाबरलीय ती."

"घाबरलेय मी," गुंडी म्हणाली. ती रडत होती. "पण डबा उघडून बघा ना बाबा. तुम्ही तरी बघा."

माझ्यावरचे झाकण निघाले. उजेड आला आणि त्या उजेडात मला बाबांचे हात दिसले. केसाएवढे स्क्रू बसवणारे ते हात, आणि ते इतके कापत होते की माझा खालचा तुकडा त्यांच्या बोटांतून निसटला. ज्या पडण्याची मला जन्मभर धास्ती होती ते पडणे शेवटी असे आले. माझा समोरचा एक दात अर्धा उडाला आणि कपाटाखाली गेला. मला काही वाटले नाही, खरेच सांगतो. माझा वरचा तुकडा बाबांच्या दुसऱ्या हातात शाबूत होता आणि त्यावर निळी फुली होती.

डॉक्टरांनी तो तुकडा घेतला. पाठ स्वतःकडे केली, मग गुंडीच्या चेहऱ्याशेजारी धरला, मग पुन्हा फिरवला. एकदा फुलीकडे पाहिले, एकदा चिठ्ठीकडे. नळी अजून सुरसुरत होती, ती त्यांनी बंद केली. नंतर त्यांनी हातमोजे काढले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. दोनच मिनिटांचा फोन. ठेवल्यावर ते स्टुलावर बसले.

"आज नको," ते म्हणाले. "आज माझा हात स्थिर नाही." मग गुंडीकडे वळून म्हणाले, "डबा मी उघडायला हवा होता. तो त्यासाठीच पाठवतात."

बाबा जमिनीवर गुडघे टेकून माझा तुटलेला तुकडा शोधत होते. तो त्यांना सापडला नाही. ते तसेच खाली बसून राहिले.

"मी तिचा हात दाबत होतो," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळले नाही. "ती सांगत होती आणि मी तिचा हात दाबत होतो."

गुंडी खुर्चीवरून उतरली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. बधिर जिभेने ती काहीतरी म्हणाली, ते मला समजले नाही, बाबांना समजले असावे. त्यांनी तिला जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः गुंडीच्या घरी गेल्या. माफी मागायला गेलेल्या ताई आधी दहा मिनिटे रडल्या आणि गुंडीलाच त्यांना पाणी आणून द्यावे लागले. परत आल्यावर त्यांनी दवाखान्यात एक नवी रीत पाडली. चिठ्ठी लिहिताना नमुना पेशंटच्या हातात द्यायचा. त्याने नमुन्यावर बोट ठेवायचे, मग स्वतःच्या दातावर, आणि मोठ्याने सांगायचे. फोन वाजत असेल तर वाजू द्यायचा. डॉक्टरबाईंनीही सही करण्याआधी बसायला सुरुवात केली. उभ्याने सही त्यांनी पुन्हा केली नाही.

आठवड्याने योग्य ती दाढ निघाली. दुखले थोडेच, गुंडीची भीती मात्र कमी झाली नव्हती. ती हात वर करत होती आणि डॉक्टर प्रत्येक वेळी थांबत होते. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. बाबा या वेळी भिंतीशी न थांबता खुर्चीच्या शेजारी उभे होते, आणि दर खेपेला आधी तेच विचारत, "काय झालं गुंडी, सांग."

मग तारा लागल्या. प्रत्येक दातावर एक छोटा चौकोनी ठोकळा आणि त्यांतून ओवलेली तार. पहिले चार दिवस तिला भाकरीचा तुकडा चावता येईना, गालाला आतून फोड आले, तिथे ती मेणाची गोळी लावी. तिला वाटे, दात सैल होऊन सगळेच पडणार. दर महिन्याला तार आवळायची वेळ आली की तिचे पाय गार पडत. पण दर तीन महिन्यांनी डॉक्टरबाई मला डब्यातून काढत आणि तिच्या तोंडाशेजारी धरून दाखवत, सुळा किती उतरला ते. सगळे आधी माझ्याकडे बघत, मग तिच्याकडे. माझ्या आयुष्यातले कौतुकाचे दिवस म्हणाल तर तेच. मी जितका वाकडा दिसे तितके सगळे खूश होत, हेही एक नवलच.

दोन वर्षांनी तारा निघाल्या. पुन्हा गुलाबी लगदा, पुन्हा प्लास्टर, आणि माझ्या शेजारी नवा नमुना येऊन बसला. सुरेख, सरळ, एकही दात इकडचा तिकडे नाही. सगळे त्याच्याचकडे बघत होते. मला थोडे वाईट वाटले, ते लपवत नाही. तेवढ्यात डॉक्टरबाईंना गुंडीला सांगताना मी ऐकले, "दातांना जुनी जागा आठवते. त्यांना नव्या जागी धरून ठेवणारी ही प्लेट सांगितली तितकी वर्षं रात्री लावायची, नाहीतर ते हळूहळू परत याच्यासारखे होतील." 'याच्यासारखे' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. ज्या मुलीचा मी ठसा, तिने माझ्यासारखे होऊ नये म्हणून मी तेव्हापासून काळजी करत आलो आहे.

गुंडी प्लेट लावत राहिली. मग ती मोठी झाली, गावाबाहेर शिकायला गेली, आणि दवाखान्यात तिचे येणे बंद झाले. मी फळीवर गेलो. माझ्यावर धूळ बसली. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली आणि शेजारच्या नमुन्यांवर काळे ठिपके आले. मग एक यंत्र आले. एक कांडी तोंडात फिरवली की पडद्यावर दात दिसतात, हवे तसे फिरवता येतात. गुलाबी लगदा नाही, उमासा नाही, हे फार बरे झाले. ताईही थकल्या आणि घरी बसल्या. जुन्या नमुन्यांची पोती भरून बाहेर गेली. मी अजून फळीवर आहे, कारण माझा एक दात तुटलेला पाहून नव्या मदतनीस बाईंना वाटले, हा कोणाला तरी दाखवायला ठेवलेला असेल.

पोत्यात जायची भीती मला वाटते. पण त्याहून मोठी भीती मला इथे फळीवर बसून वाटते. खाली खुर्चीत मुले येतात. पडद्यावर त्यांचे दात गरगर फिरतात, कुठले डावे नि कुठले उजवे ते माझ्यासारख्याला उमगत नाही. मुले पडद्याकडे बघतात, मोठ्यांकडे बघतात आणि मान डोलावतात. कोणता दात, ते एकही मूल विचारत नाही.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. दात नीट घासा, प्लेट सांगितली तितके दिवस लावा, हे तर सगळेच सांगतील. मी घाबरट आहे, मी भीतीबद्दल सांगतो. घाबरायला हरकत नाही. खुर्चीत बसल्यावर पाय गार पडले, डोळ्यांत पाणी आले, तरी काही बिघडत नाही. पण तुमच्या तोंडात काय करणार आहेत ते विचारा. कोणता दात, कोणत्या बाजूचा, कशासाठी, हे बोट ठेवून विचारा. काही चुकते आहे असे वाटले तर हात वर करा, आणि कोणी तो खाली दाबला तर पुन्हा वर करा. तुमच्यात जे कोणी मोठे असतील, त्यांनी तो हात दाबू नये. त्या दिवशी डब्यात मला सगळे माहीत होते, पण बोलायला मला जीभ नव्हती. गुंडीला होती, अर्धी बधिर झालेली.

गुंडीचा सुळा कसा खाली आला ते बघायला खूप जण आले. तिच्या उजव्या बाजूच्या त्या लहान दाढेकडे कोणी कधी पाहिले नाही. नीट असलेल्या दाताकडे कोण बघतो? ती आजही जागच्या जागी आहे.